सिंहस्थाआधी पथकाचे दार उघडा
मनमाड शहर व परिसरातील स्काऊट-गाईड पालक, माजी स्काऊट-गाईड आणि पथके चालवणाऱ्या शिक्षकांचे मागणीपत्र, शैक्षणिक वर्ष २०२६-२७

प्रति,
भारत स्काऊट्स आणि गाईड्सची नाशिक जिल्हा संस्था. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाची स्काऊट-गाईड संस्था. मनमाड नगर परिषद. आणि शहर व परिसरातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक

विषय : येत्या वर्षाचे उपक्रम आणि त्यांत सर्व मुलामुलींचा समावेश

महोदय, महोदया,

२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान आहे. दुसरे ३१ ऑगस्टला, तिसरे नाशिकला ११ आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबरला. ध्वजारोहण तर याच वर्षी ३१ ऑक्टोबरला होते आहे. नांदेड-संभाजीनगरकडून, भुसावळकडून किंवा दौंडकडून नाशिकला निघालेली गाडी मनमाडला टाळून जाऊ शकत नाही, तेव्हा त्या दिवसांत आमच्या फलाटांवर काय उसळेल हे मनमाडकराला वेगळे सांगायला नको. पाणी द्यायला, वाट दाखवायला, चुकलेल्या म्हातारीला तिच्या माणसांपर्यंत पोचवायला स्कार्फ घातलेली मुले लागतील. कुंभातली ही सेवा स्काऊटांना नवी नाही. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या सेवा समितीची ओळखच मेळ्यांतल्या कामाने झाली.

आमचा प्रश्न इतकाच आहे की २०२७ मध्ये फलाटावर उभी राहणारी ही मुले कोण असतील. प्रवेशानंतर प्रथम सोपान, मग द्वितीय, मग तृतीय. प्रत्येक पायरीला महिने जातात. आज पथकाबाहेर असलेले मूल ऐनवेळी स्काऊट होत नाही. म्हणून हे मागणीपत्र आत्ता, शाळा उघडताना, देत आहोत.

मनमाडमध्ये हा विषय निव्वळ शिबिरे आणि शेकोट्यांचा नाही. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडांसाठी वेगळा कोटा असतो. त्याच्या अटी ठाऊक असलेल्यांना ठाऊक आहेत : राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालयन वूड बॅज, सलग पाच वर्षांचे सक्रिय सदस्यत्व, राष्ट्रीय किंवा अखिल भारतीय रेल्वे पातळीवरचे दोन आणि राज्य पातळीवरचे दोन कार्यक्रम. जागा थोड्या असतात, पण रेल्वेवर वाढलेल्या गावात थोड्या जागांचीही किंमत मोठी असते. याचा अर्थ असा की दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पथकात घेतले की नाही, हे आज एखाद्या वर्गशिक्षकाने सहज ठरवले, तरी त्याचा हिशेब दहा वर्षांनी लागतो.

या गावाला हा हिशेब जुना आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद याच मनमाडात भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे विधान सर्वांना आठवते. त्यांनी मांडलेला तपशील मात्र कमी आठवतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून राबतो, पण त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि घरात त्याचा स्पर्श चालत नाही. म्हणजे नियमाच्या पुस्तकात मनाई नव्हती, मनाई होती ती रिवाजात. भारतातल्या स्काऊटिंगचा आरंभही असाच आहे. १९०९ मध्ये बंगळूरला पहिले पथक निघाले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना आपली पथके आपणच उभारावी लागली. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्र संस्था झाली. आज कोणताही नियम कोणाला अडवत नाही. मुले अडतात ती वेळापत्रकात, गणवेशात आणि चौकशी कुठे करायची या गोंधळात. आमच्या मागण्या तेवढ्याच ठिकाणी बोट ठेवतात.

मागणी पहिली : शिबिर पावसाळ्यात घ्या

ही आमची सर्वांत महत्त्वाची मागणी आहे आणि तिला एक पैसाही जास्त लागत नाही.

रीतीप्रमाणे शिबिरे, मेळावे आणि चाचण्या दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारीत होतात. हवा छान असते, हे खरे. पण नांदगाव तालुक्यातील कितीतरी कुटुंबे त्याच वेळी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात आणि परततात ती हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्यांची मुले जूनपासून दिवाळीपर्यंत पथकात येतात, गाठी शिकतात, संचलन शिकतात आणि नेमकी चाचणीच्या वेळी उसाच्या फडात असतात. हजेरीपटावर ती ‘अनियमित’ ठरतात. मुले अनियमित नाहीत, आपले वर्ष त्यांच्या वर्षाशी जुळत नाही एवढेच.

शिवाय पाणी. मनमाडच्या नळाला पाणी किती दिवसांनी येते यावर या शहरात विनोदही आता जुने झाले आहेत. वाघदर्डी धरण आणि पालखेडचे आवर्तन यांकडे डोळे लावून बसलेल्या गावात हिवाळ्याच्या शेवटी पन्नास मुलांचे निवासी शिबिर म्हणजे टँकरची विनवणी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी असते आणि ऊसतोड कामगारांची मुलेही गावात असतात. दोन्ही कारणे एकाच महिन्याकडे बोट दाखवत असताना आपण जानेवारीला का चिकटून आहोत, याचे सवयीखेरीज दुसरे उत्तर आम्हाला सापडलेले नाही. तेव्हा :

एक निवासी शिबिर आणि द्वितीय सोपानापर्यंतच्या चाचण्या दरवर्षी दिवाळीपूर्वी व्हाव्यात. तंबू ओले होतील ही हरकत आम्ही ऐकून आहोत. शाळेच्या वर्गांत मुक्काम आणि दिवसा मैदानावर काम, असे करता येते. स्थलांतरित मुलाची अर्धी राहिलेली चाचणी पुढच्या जूनमध्ये तिथूनच सुरू व्हावी, पहिल्यापासून नव्हे. त्यासाठी त्याची प्रगती-नोंदवही त्याच्याच हाती द्यावी.

अंकाई-टंकाईची पदभ्रमंतीही याच काळात व्हावी, मात्र भर पावसात निसरड्या पायऱ्यांवर नको. सप्टेंबरअखेर उघडीप पाहून. मनमाडहून अंकाई हे दौंड मार्गावरचे जवळचे स्थानक. सात दरवाजे, टंकाईच्या बाजूची जैन लेणी, माथ्यावर अगस्तींचे स्थान : घराजवळ इतका मोठा धडा असताना सहलीला दूर कुठे जायचे? हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जावे. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरलेला हा पाणथळ परिसर सपाट आहे. गड चढू न शकणाऱ्या मुलांनाही तिथे सर्वांबरोबर दिवस काढता येईल.

मागणी दुसरी : रुळांच्या दोन्ही बाजूंचे एक वेळापत्रक

भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या रचनेत रेल्वेच्या प्रत्येक झोनला राज्याचा दर्जा आहे. त्यामुळे मनमाड एकाच वेळी दोन ‘राज्यांत’ आहे : महाराष्ट्र आणि मध्य रेल्वे. मूल रुळाच्या कोणत्या बाजूला राहते आणि बापाच्या खिशात कोणते ओळखपत्र आहे, यावर त्याचे राज्य ठरते. कार्यालयांना ही रचना सोयीची असेल. सहावीतल्या मुलाला ती समजावून सांगताना आम्हाला घाम फुटतो.

रचना बदला असे आम्ही म्हणत नाही, ते आपल्याही हातात नाही. आम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. रेल्वे कर्मचाऱ्यांखेरीज इतरांच्या मुलांना रेल्वेच्या पथकात प्रवेश आहे का, असल्यास किती आणि कोणत्या अटींवर, याचे लेखी उत्तर शहरातील प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लागावे. आणि १ ऑगस्टचा स्कार्फ दिन, ७ नोव्हेंबरचा स्थापना दिन व २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन, हे तीन कार्यक्रम दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र, एकाच मैदानावर करावेत. त्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ नगर परिषदेने किंवा रेल्वेने एक मैदान राखून द्यावे, दिवे आणि स्वच्छतागृहासह. स्वच्छतागृह नसेल तर गाईड येणार नाहीत, हे आम्ही पालक म्हणून स्पष्ट सांगतो.

चिंतन दिनाबद्दल एक सूचना : २२ फेब्रुवारी २०२७ हा दिवस रमजानमध्ये येतो. त्या दिवशीचा कार्यक्रम सकाळी घ्यावा, दुपारचे जेवण त्याचा केंद्रबिंदू नसावा. दहावीच्या मुलांनाही सकाळचा तासच परवडेल.

मागणी तिसरी : गणवेश आणि खरी कमाई

शर्ट, पँट, स्कार्फ, वॉगल, टोपी, पट्टा, बूट. यादी वाचूनच काही घरांत विषय संपतो. प्रत्येक शाळेत गणवेशपेढी असावी : वाढलेल्या मुलाने गणवेश परत द्यावा, तो धुऊन पुढच्याला मिळावा. पहिले सहा महिने नुसत्या स्कार्फवर मुलाला पथकात उभे राहू द्यावे. शीख मुलांची पगडी आणि मुलींचा सलवार-कमीज हे संस्थेच्या गणवेशात बसणारे आहेत. गुरुद्वारा गुपतसर साहिबच्या गावात हे कोणाला पटवून द्यावे लागू नये, तरी प्रवेश-पत्रकावर छापलेले असावे. वचन घेताना ईश्वराऐवजी धर्म म्हणण्याची मुभाही नियमात आहे, तीही मुलांना आधी सांगावी.

खरी कमाई हा उपक्रम आम्हाला प्रिय आहे. पण ज्याच्या घरात रोजची कमाई खरीच असते, त्या मुलाला ‘माणशी इतके रुपये आणा’ म्हणणे चमत्कारिक आहे. कमाई संघाची मोजावी, मुलाची नव्हे, आणि तिचा निम्मा भाग गणवेशपेढीला जावा.

मागणी चौथी : अपंग मुले

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ प्रमाणे शाळांनी अपंग मुलांना खेळ आणि मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्यायच्या आहेत. स्काऊटिंगला हे जड जाऊ नये. शिट्टीबरोबर हाताच्या खुणा, झेंड्यांनी संदेश, वाटेवरची मार्गचिन्हे : ही सगळी पद्धत बोलण्यावाचून चालणारी आहे. ऐकू न येणारी मुलगी संघनायक होऊ शकते, बाकीच्यांनी तिच्या खुणा शिकल्या की झाले. चाचणीत कोणत्या कौशल्याऐवजी कोणते चालेल, याचा लेखी तक्ता जिल्हा संस्थेने पथकचालकांना द्यावा. तो प्रत्येकाच्या मर्जीवर सोडू नये. मर्जीने दिलेली सवलत पुढच्या पातळीवर नाकारली जाते.

मागणी पाचवी : सुरक्षा

मुली असलेल्या प्रत्येक शिबिरात प्रशिक्षित गाईडर मुक्कामी असावी; तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि फोन क्रमांक मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा. पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक पथकचालकाला असावी. यावर अधिक लिहिण्याची गरज नसावी.

मागणी सहावी : सिंहस्थ सेवा

मनमाड स्थानकावरील सेवेसाठी मुले निवडण्याचे निकष ३१ ऑक्टोबरच्या ध्वजारोहणाआधी जाहीर व्हावेत. निवड दोन्ही ‘राज्यांच्या’ पथकांतून, मुली निम्म्या. या जंक्शनवर पंजाबी, तेलुगू, उर्दू, अहिराणी घरात बोलणारी मुले आहेत; हरवलेल्या प्रवाशाला आधी त्याची भाषा लागते, म्हणून भाषा हा निवडीचा निकष असावा. अठरा वर्षांखालील मुलांना गर्दी रोखण्याचे, फलाटाच्या कडेला उभे राहण्याचे काम देऊ नये. ते रेल्वे सुरक्षा दलाचे काम आहे. मुलांनी पाणी, चौकशी आणि प्रथमोपचाराच्या टेबलापाशी असावे, पाळी चार तासांपेक्षा मोठी नसावी. रोव्हर-रेंजरांना अग्निशमनाचे प्रशिक्षण याच वर्षी द्यावे. पानेवाडीच्या इंधन डेपोंमुळे ते प्रशिक्षण सिंहस्थ नसतानाही मनमाडला हवेच आहे. सेवेचे प्रमाणपत्र प्रत्येकाला मिळावे आणि त्याची नोंद दोन्ही संस्थांनी मान्य करावी, कारण वर सांगितलेल्या भरतीत कागद लागतो.

आमच्याकडून आम्ही काय देऊ, तेही लिहितो. गणवेशपेढीची पहिली शिलाई आणि धुलाई पालक करतील. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांपैकी जे जुने स्काऊट आहेत, ते आठवड्याच्या सभेला आळीपाळीने येतील. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे प्रगती-नोंदवही पोचवण्याचे आणि जूनमध्ये ती मुले पुन्हा पथकात आणण्याचे काम आमचे.

पहिल्या मागणीवर या पावसाळ्यातच निर्णय हवा, नाहीतर एक वर्ष आणि त्याबरोबर मुलांची एक तुकडी हातची जाईल. म्हणून दोन्ही संस्था, नगर परिषद आणि मुख्याध्यापक यांची संयुक्त बैठक १ ऑगस्टपूर्वी मनमाडातच बोलवावी, आणि तीत आमच्याबरोबर पथकांतले दोन संघनायक व दोन गाईड यांनाही बसू द्यावे. बाकी मागण्यांवर लेखी उत्तर ३१ ऑक्टोबरपर्यंत मिळावे. जी मागणी मान्य नसेल, तिच्यापुढे कारण लिहावे.

आपले,
मनमाड शहर व परिसरातील स्काऊट-गाईड पालक, माजी स्काऊट-गाईड आणि पथकचालक शिक्षक