हरणांस खाऊ घालणें

गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थी बदलापुराहून निघून, दादरला गाडी बदलून, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत गेलों होतों. रस्त्याच्या कडेस चितळांचा कळप चरत होता. आमच्यांतील एकानें बिस्किटांचा पुडा पुढें केला. एक मादी निःशंकपणें जवळ आली, तिनें बिस्किटें खाल्लीं, आणि खालीं पडलेला कागदही ती चघळूं लागली. तेथें प्राण्यांस खाऊ घालण्याची मनाई आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु दया करण्यास परवानगी कशाला, असें वाटलें. मलाही वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

ती दया नव्हती, असें आतां माझें मत झालें आहे.

हरीण हें रवंथ करणारें जनावर. त्याच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात व तेच गवत-पाला पचवितात. पाव, बिस्किटें, मका असें पिठूळ अन्न एकदम पुष्कळ पडलें म्हणजे तेथें आम्ल वाढतें, ते जंतु मरतात, आणि पोट भरलेलें असतांनाच हरीण मरूं शकतें.

दुसरी गोष्ट गर्दीची. रानांत वानर झाडावरून पाला व फळें पाडतें आणि चितळ तीं खालीं वेंचतें. पण आज या झाडाखालीं, तर उद्यां त्या. माणूस मात्र रोज एकाच जागीं अन्न टाकतो. सगळा कळप तेथें दाटतो, एकाची लाळ दुसऱ्याच्या तोंडीं जाते. गुरांचा लाळ्या-खुरकुत चितळांसही होतो, हें शेतकरी पालकांस सांगावयास नको. अमेरिकेंत वायोमिंग राज्यांत १९१२ सालीं एल्क नांवाच्या मोठ्या हरणांसाठीं राखीव रान स्थापन झालें. वस्तीनें त्यांचीं हिवाळी कुरणें व्यापल्यानें तीं उपाशी मरत होतीं, म्हणून चारा घालण्याची वहिवाट पडली. हेतु चांगलाच होता. पण त्या दाटींत गर्भपात घडविणारा ब्रुसेलोसिस रोग कळपांत मुरला. शिवाय हरणें जमतात तेथें बिबट्याही येतो, आणि मग तो वस्तीजवळ आला म्हणून ओरड आपणच करतों!

“मग उन्हाळ्यांत गवत वाळल्यावर त्यांनीं उपाशी मरावें कीं काय?” असें माझ्या आजीनें विचारलें. प्रश्न खरा आहे. परंतु आपल्याकडे गवत नुसतें वाळत नाहीं, जळतेंही. फाल्गुन-चैत्रांत बदलापूर-अंबरनाथच्या डोंगरांवर वणवे लागतात; रात्रीं गच्चीवरून त्यांची लाल ओळ दिसते, आणि आपण ती शोभा म्हणून पाहतों. माथेरानच्या डोंगरांतील लाजाळू भेकर आपल्या हातचें कांहीं खावयास येणार नाहीं. त्याचा कोवळा पाला मात्र त्या आगींत जातो.

वणवा अडविण्यासाठीं आधींच गवत काढून जाळरेषा आंखाव्या लागतात, व त्यास माणसें लागतात. येत्या माघांत आपल्या शाळेनें वनरक्षकांस विचारून एक रविवार त्या कामीं द्यावा, असें मी सुचवितों. बिस्किटांचे पुडे बरोबर घ्यावे. ते आपणच खाऊं.