शहाणी म्हणजे शिवी?

मुलगा पुस्तकात डोकं घालून बसला की आमच्या मिरजगावात म्हणतात, ‘पोरगं अभ्यासू आहे, साहेब होणार.’ मुलगी तशीच बसली की तिला नावं पडतात : दीडशहाणी, चष्मिस, मास्तरीण, ‘आली मोठी शहाणी’. कॉलेजात गेली की ‘घासू’. ‘दीडशहाणा’ पुरुषालाही म्हणतात, पण तो तोंड उघडून काही बोलल्यावर. बाई नुसती वाचत बसली तरी पुरतं.

मैत्रिणींनो, हे शब्द केव्हा येतात ते पाहा. पाणी भरायचं असतं, भाकरी थापायच्या असतात, धाकट्याला सांभाळायचं असतं, नेमकं तेव्हा. पुस्तक मिटवून तिला चुलीपाशी आणण्याचं काम हा शब्द करतो. पुढे तोच लग्नाच्या बाजारात उभा राहतो. पाहुणे बघायला येणार म्हणून मुलीला चष्मा काढून ठेवायला लावतात, हे मी किती घरांत पाहिलं आहे. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा, त्याचा चेहराही तिला धड दिसत नाही!

रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ ही पदवी सन्मानानं दिली. आपल्या घरांत तिचा टोमणा झाला. रमाबाई रानडे शिकू लागल्या, तेव्हा त्यांना बोलणाऱ्या घरातल्याच बायका होत्या. बाईच बाईला बोलते ते दुष्टपणानं नव्हे. ही सुटली तर हिच्या वाटणीचं काम आपल्यावर येणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

ज्ञानोदय १८४२ साली आपल्या नगरातच निघाला. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यात १८५५ साली छापून आला. अशी मुलगी आज आपल्या घरात असती, तर आपण तिला काय म्हटलं असतं?

शब्दांवर बंदी घालून काही होणार नाही. रोज संध्याकाळचा एक तास मुलीला वाचायला मोकळा ठेवा आणि त्या तासाचं काम भावाला करू द्या. आणखी एक. बचत गटाच्या बैठकीत हिशेबाची वही वाचून शंका काढणारीला ‘लई पुस्तकी’ म्हणून गप्प बसवू नका. तिनं वाचलं म्हणूनच चूक सापडते, आणि पैसे आपल्या सगळ्यांचे असतात.