गुपित फुटले, म्हणून काय झाले?

“रहस्यपट म्हणजे फुलबाजी! एकदा जळली की हाती उरते ती काळी तार.” फराळाच्या ताटावर बसून असे ठासून सांगणारे एक तरी काका घरोघरी असतात. त्या काकांशी आज आम्हांस दोन शब्द भांडावयाचे आहेत.

१९६४ सालचा ‘पाठलाग’च घ्या. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ ह्या कादंबरीवरचा हा चित्रपट. दिग्दर्शक राजा परांजपे जन्माने मिरजेचे, गीतकार गदिमा शेटफळ्याचे, गायिका आशाबाई सांगलीच्या. आजच्या सांगली जिल्ह्याला १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ म्हणत. तेव्हा सातारकरांनीही ह्या कौतुकात आपला वाटा खुशाल मागावा!

आपली पत्नी गेली, असे धरून चाललेला एक वकील. आणि तिच्याच तोंडवळ्याची स्त्री आरोपी म्हणून कोर्टात उभी राहते नि म्हणते, “मीच तुमची पत्नी!” काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा तो सामना पहिल्यांदा पाहताना आपण विचारतो, ही कोण? दुसऱ्यांदा पाहताना प्रश्न बदलतो: माणूस माणसाला ओळखतो ते कशाने? चेहऱ्याने, पुराव्याने, की विश्वासाने? उत्तर ठाऊक असूनही छाती धडधडते, कारण हा प्रश्न कोर्टातला नव्हे, आपल्या माजघरातला आहे. वर्षानुवर्षे एका छपराखाली राहणाऱ्यांनाही तो चुकत नाही.

१९६६ साली राज खोसला यांनी हीच कथा ‘मेरा साया’ म्हणून हिंदीत आणली. गुपित तेच, तरी दोन्ही पाहिलेली मंडळी कोणता सरस म्हणून हमरीतुमरीवर येतात. तो वाद काय गुपितावर चालतो?

आणि काका, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगविले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे कोणाला ठाऊक नव्हते? तरी माणसे बसलीच ना? शेवट कळावा म्हणून नव्हे, तो कसा येतो हे डोळे भरून पाहावे म्हणून बसली. रहस्यपटालाच तेवढा वेगळा न्याय का?

तेव्हा ‘पाठलाग’ पुन्हा पाहा, सहकुटुंब पाहा. मात्र शेजारी कोणी प्रथमच पाहत असेल, तर ओठ मिटून बसा. पहिल्या धक्क्यावर हक्क त्याचा आहे. रहस्य फोडल्याने चांगला चित्रपट मरत नाही हे खरे; पण फोडणाऱ्याच्या ताटातली चकली तत्काळ जप्त व्हावी, एवढी शिक्षा आम्ही सुचवितो!