मत कुणाला देणार, ते आम्ही उघड सांगणार

विधानसभेचं मतदान जवळ आलं आहे. आठ दिवस झाले, पाड्यापाड्यांवर जीपगाड्या फिरतात आणि सगळ्या पक्षांची माणसं एकच शहाणपण शिकवतात. मत गुप्त असतं, कुणाला सांगू नका, संघटनेच्या पोरांना तर मुळीच नको. आता आपलीही काही माणसं तसं बोलायला लागली. सभेत विचारलं की मान खाली घालतात आणि म्हणतात, "ते गुप्त असतंय."

कुणापासून गुप्त? फॉरेस्ट प्लॉटवर तुमच्यासोबत लाठ्या खाल्लेल्या शेजाऱ्यापासून?

कागदाच्या मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्या एकत्र मिसळून मोजता यायच्या. आता यंत्र आलं. एकेका केंद्राचा आकडा वेगळा निघतो आणि उमेदवाराचा माणूस टेबलाशी बसून तो वहीत उतरवून घेतो. आपल्याकडे एका केंद्राला दोन-तीन पाडे. कुणी दिलं नाही ते कळायला भगत लागत नाही. एकट्या माणसाचं मत झाकलेलं राहतं, पाड्याचं मत उघडं पडतं. मग हातपंप मागायला गेलं की ऐकायला मिळतं, तुमच्याकडून आम्हाला किती पडली ते ठाऊक आहे आम्हाला. म्हणजे त्यांना आपला हिशेब कळतो, आणि आपल्यालाच एकमेकांचा कळू नये अशी ही शिकवण आहे. पाचशेची नोट आणि कोंबडी घरोघर वेगळी वाटता येते ती यामुळेच. चार घरं एकत्र बसून बोलली तर कुणाला किती मिळालं ते लगेच बाहेर येईल.

आणखी एक गंमत बघा. 2013 पर्यंत कुणीच उमेदवार पसंत नसेल तर 49-ओ नियमाखाली तसं नोंदवता यायचं. पण ते नोंदवायला केंद्रावरच्या साहेबाला तोंडाने सांगावं लागायचं, रजिस्टरात शेरा मारला जायचा, खाली आपली सही नाहीतर अंगठा. पोलिंग एजंट बाजूलाच बसलेला. तेव्हा कुणालाही मत दिलं तर गुप्त, कुणालाच नको म्हटलं तर सगळ्यांसमोर. असली होती ती गुप्तता.

आमचं म्हणणं कुणी वाकडं घेऊ नये. यंत्रासमोर माणूस एकटाच असला पाहिजे. शेठच्या वाडीवर राबणाऱ्या गड्याला, मुकादमाची उचल घेतलेल्या घराला, नवरा दाबतो त्या बाईला तो पडदा लागतो आणि तो कुणी फाडू नये. संघटनेनेही नाही. सभेत न बोलणाऱ्याला कुणी टोचून बोललं तर आम्ही त्याच्याच बाजूने उभे राहू. पण पडदा यंत्राला आहे, पाड्याला नाही. मेंढा-लेखात सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय ग्रामसभा निर्णय करत नाही, तिथे लोक उघड बोलतात, भांडतात, परत बसतात. आपल्या जातपंचायतीतही तोंड लपवून कुणी मत दिलं नव्हतं.

म्हणून आम्ही आमचं सांगतो. आमच्या भागात तीन उमेदवारांना सभेला बोलावलं. प्रश्न दोनच होते. वनहक्काचे दावे पडून आहेत, त्यावर काय करणार? आणि दंडाची पावती नाही म्हणून दावा बाजूला टाकतात, त्याविरुद्ध विधानसभेत बोलणार का? नियम 13 मध्ये म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा धरला आहे. एकाने पुतण्याला पाठवलं. एकाने निरोप दिला, निवडून आल्यावर बघू. एकजण स्वतः आला, उन्हात उभा राहून उत्तर दिलं आणि कागदावर सही केली. आमचं मत त्याला. सही केली म्हणून तो सोन्याचा झाला नाही, त्याच्या पक्षाची आम्हाला चांगली ओळख आहे. पण उद्या त्याच्या दारात जायचं तर हातात कागद आहे, आणि अमुक पाड्याने कशासाठी मत दिलं ते त्याला माहीत आहे. गुपचूप दिलेल्या मताचा जाब कुणी कुणाला विचारायचा? (हे पत्रक चार तालुक्यांत जातं, उमेदवार जिथले तिथे वेगळे, म्हणून नाव आणि निशाणी सभेतच सांगितली आहे.)

आता दुसरं मत, आमच्या दृष्टीने पहिल्याइतकंच मोठं. नाक्यावरचं देशी दारूचं दुकान. चौथा हिस्सा बाया मतदारांनी सह्या केल्या तर उभी बाटली की आडवी बाटली असं बायांचं गुप्त मतदान घ्यावं लागतं. दुकानवाला आत्ताच बायांना सांगत फिरतोय, तुम्ही यात पडूच नका, घरी बसा. तो काही वेडा नाही. दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण बाया मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्या बायांपैकी नाही, यादीतल्या एकूण बायांपैकी. यादीत सहाशे बाया असल्या आणि तीनशे आल्या, त्या तीनशेच्या तीनशे आडव्या बाटलीला गेल्या, तरी दुकान चालूच. जी घरी बसली ती उभ्या बाटलीत गेली. जी वीटभट्टीवर गेली तीही.

मोहाची दारू देवाला लागते, लग्नाला लागते, तिच्यावर आमचं काही म्हणणं नाही, ती आपल्या हातची आहे. हे दुकान मात्र भट्टीची उचल घरी पोचायच्या आत गिळतं. आमच्यातल्या बाया आडव्या बाटलीला मत देणार आहेत आणि पाणवठ्यावर, बाजारात, राशनच्या रांगेत तसं बोलून दाखवणार आहेत. पुरुषांना या मतदानात मत नाही. पण ज्याला सोबत करायची असेल त्याने त्या दिवशी पोरं सांभाळावीत.

तोंडावर दिवाळी आहे. त्यानंतर भट्टीचे ट्रक लागतात आणि अर्धे पाडे रिकामे होतात. तेव्हा अर्जावरच्या सह्या-अंगठे त्याआधी झाले पाहिजेत, आणि मतदानाची तारीख भट्टीवरून माणसं परतल्यावरचीच द्या असं अर्जातच लिहायचं आहे. कोरे अर्ज प्रत्येक पाड्याच्या वनहक्क समितीकडे ठेवले आहेत. यादीतलं नाव आणि अनुक्रमांक बघूनच अंगठा घ्या, नाव जुळलं नाही तर तेवढ्यावरून अर्ज परत येईल.