वर्षातून एकदाच येणारी भरती

भरतीच्या पाण्याने दगडी वास्तूंची होणारी झीज म्हटली की आपल्या बैठकांत व्हेनिस निघतेच. 12 नोव्हेंबर 2019ला तिथे पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढले, सेंट मार्कच्या चर्चमध्ये शिरले आणि ओसरताना मीठ ठेवून गेले. छिद्रांत साचलेले मीठ वाळताना स्फटिक धरते आणि दगडाचे पापुद्रे काढते. जंजिऱ्याच्या तटावर दगड खोलगट झिजून चुन्याच्या दर्जा तेवढ्या पुढे आलेल्या दिसतात, तो याच मिठाचा प्रताप.

पुणे जिल्ह्यातली भरती वर्षातून एकदाच येते आणि ती गोड्या पाण्याची असते. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे जात राहते, तळे उन्हाळ्यात खाली जाते आणि पावसाळ्यात पुन्हा चढते. 1921च्या सत्याग्रहानंतरही धरण झालेच, आणि गावे, देवळे बुडाली ती कायमची. शेजारच्या मावळात पवनेच्या फुगवट्यातले वाघेश्वराचे देऊळ, इंदापूरकडे उजनीतले पळसनाथाचे, पाणी उतरले की उघडी पडतात. मग सेल्फीवाल्यांची गर्दी होते, आपली मात्र क्वचितच.

मीठ नाही म्हणून निर्धास्त राहू नये. सह्याद्रीचे पावसाळी पाणी मऊ असते. ते चुना हळूहळू विरघळवते. त्याहून घातक आहे पाण्याचे उतरणे. बाहेरची पातळी झरझर खाली जाते, पण दोन ताशीव थरांमधल्या दगडमातीच्या भरीत पाणी अडून राहते आणि चिऱ्यांना आतून बाहेर रेटते. दर्जांतून गढूळ पाणी ठिबकताना दिसले, तर ती भिंतीची भर वाहून चालली आहे असे समजावे. चिपा सुटतात, चिरे पोटात येतात. जे जोते बारमाही पाण्याखाली असते ते बरेच टिकते. मार बसतो तो चढउताराच्या पट्ट्याला.

अशा भिंतीच्या दर्जा सिमेंटने बुजवणे म्हणजे पाण्याची वाटच बंद करणे. साधा चुनाही इथे चालत नाही, कारण तो हवेवर आळतो आणि त्याला महिने लागतात. सुरखीचा चुना पाण्यातही धरतो, पण त्यालाही बुडण्याआधी काही आठवडे मिळायला हवेत. म्हणजे पाणी उतरू लागताच, वरच्या थरापासून कामाला लागायचे. आपल्याकडे निविदा उघडेपर्यंत मृग लागलेला असतो! म्हणून मोजमाप, छायाचित्रे, भर किती पोकळ झाली याची ठोकून केलेली तपासणी एका उन्हाळ्यात, आणि दुरुस्ती पुढच्या. धरणाच्या पातळीच्या रोजच्या नोंदी मागून घ्याव्यात आणि दरवर्षी किती दिवसांत किती मीटर पाणी उतरते ते आराखड्यावर प्रत्येक थरासमोर लिहावे.