कोणते नववर्ष ‘आपले’? शुभेच्छांच्या भांडणातील तिथ्यांची तपासणी

१/ डिसेंबर संपत आला की एक संदेश फिरू लागतो : ‘हे आपले नववर्ष नव्हे, आपले नववर्ष गुढीपाडव्याला.’ पाडवा जवळ आला की दुसरा संदेश निघतो : ‘पाडवा साजरा करू नका, तो संभाजीमहाराजांच्या हत्येनंतर लादला गेला.’ रात्रीच्या वाहिनीवर दोन्ही बाजूंचे प्रवक्ते एकमेकांवर ओरडतात. या गदारोळात एकही तिथी कोणी तपासत नाही. हा थ्रेड त्या तपासणीसाठी.

२/ या कामाला विलेपार्ल्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. पूर्वेला लोकमान्य सेवा संघाचे टिळक मंदिर आणि पार्ले टिळक विद्यालय, पश्चिमेला मोठी गुजराती वस्ती, शिवाय साष्टीतले जुने ईस्ट इंडियन ख्रिस्ती. एकाच स्थानकावर उतरणाऱ्या या शेजाऱ्यांचा वर्षारंभ तीन दिवशी येतो : चैत्र शुद्ध प्रतिपदा, कार्तिक शुद्ध प्रतिपदा आणि १ जानेवारी.

३/ चैत्रात चौकाचौकांत फलक लागतात : ‘हिंदू नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’. मग दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी वर्ष सुरू करणारा गुजराती शेजारी कोण? तमिळ, बंगाली आणि आसामी वर्ष एप्रिलच्या मध्यावर, सौर गणनेने सुरू होते. केरळातील कोल्लम वर्ष ऑगस्टमध्ये, चिंगम महिन्यात उघडते. चैत्र प्रतिपदा महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणाची. उत्तरेतील विक्रम संवतही तेव्हाच बदलतो. मान मोठाच आहे, पण साऱ्या हिंदूंचा मक्ता त्यातून सिद्ध होत नाही.

४/ खुद्द मराठी घरात तरी वर्षारंभ एकच कुठे आहे? साडेतीन मुहूर्तांत गुढीपाडवा पूर्ण आणि दिवाळीचा पाडवा अर्धा. मराठी व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला पुजली जाते. भिंतीवरच्या कालनिर्णयात चैत्रात नवा शक, कार्तिकात नवा संवत आणि पहिल्या पानावर जानेवारी असतो. १९७३पासून ते पंचांग हे तिन्ही वर्षारंभ एकाच खिळ्यावर टांगून आहे. पूर्वजांना यात विसंगती दिसली नाही.

५/ आता ‘स्वदेशी’ शकाकडे वळू. शालिवाहन शक इसवी सन ७८पासून मोजतात. शालिवाहनाने शकांवर विजय मिळवला म्हणून शक सुरू झाला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु सातवाहनांचे शिलालेख राजाच्या कारकिर्दीची वर्षे देतात. ही गणना वापरत नाहीत. ती आढळते पश्चिम क्षत्रपांच्या लेखांत, म्हणजे शकांच्याच. रुद्रदामनाच्या जुनागढ लेखातील वर्ष ७२ म्हणजे इसवी सन १५०. ‘शालिवाहन’ हे नाव तिला कित्येक शतकांनंतर जोडले गेले.

६/ याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या गणनेच्या नावाने ‘परकीय’ जानेवारीला हाकलायचे, ती गणना रुजवणारे राज्यकर्ते स्वतः बाहेरून आलेले होते. महाराष्ट्राने ती स्वीकारली, तिला आपल्या वीराचे नाव दिले आणि ती आपली केली. हा पराभव नव्हे. पचवण्याची ताकद आहे. पण ही ताकद ज्यांना अभिमानास्पद वाटते, त्यांनी शुद्धतेचा दाखला मागू नये.

७/ रामाच्या अयोध्याप्रवेशाचाही पुरावा दिला जातो. लोकश्रद्धा म्हणून ती कथा आदरणीय आहे. मात्र वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राम भरद्वाजाश्रमी पोहोचतो, ती तिथी पंचमी आहे. प्रतिपदेशी तिचा मेळ बसत नाही. शिवाय हीच कथा दिवाळीच्या समर्थनार्थही सांगितली जाते. श्रद्धेला पुरावा लागत नाही. पण श्रद्धेलाच पुरावा म्हणून मांडले की ती उलटतपासणीला पात्र ठरते.

८/ आता दुसरी बाजू. संभाजीमहाराजांची हत्या ११ मार्च १६८९ रोजी झाली, ती फाल्गुन अमावास्या होती आणि दुसरा दिवस पाडव्याचा होता. हे खरे आहे आणि वेदनादायक आहे. त्या दिवशी एखाद्या घराला आनंद करवत नसेल, तर त्या शोकाचा आदर झालाच पाहिजे. पण ‘गुढी त्या हत्येनंतर जन्मली, तिच्यावरचा कलश म्हणजे राजाचे शिर’ हे विधान शोकाचे नाही, इतिहासाचे आहे. इतिहासाच्या विधानाला इतिहासाचीच कसोटी लागते.

९/ कसोटी सोपी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इसवी सन १२९०ची. तिच्या चौथ्या अध्यायात सज्जनांकडून सुखाची गुढी उभारवण्याची प्रतिमा आहे. चौदाव्या शतकात, महार समाजात जन्मलेल्या चोखोबांच्या अभंगात पंढरीच्या वाटेवर गुढी उभारली जाते. संभाजीमहाराजांच्या मृत्यूआधी तीन-चार शतके गुढी ही आनंदाची आणि विजयाची खूण होती. तिला एका कारस्थानाचे चिन्ह ठरवताना चोखोबांचाच शब्द हिरावला जातो, याचे भान राहत नाही.

१०/ येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. या ओव्या आणि अभंग ‘गुढी’ या चिन्हाची प्राचीनता सिद्ध करतात. ती पाडव्याच्याच दिवशी दारोदारी उभी राहत असे, हे केवळ त्यांवरून सिद्ध होत नाही. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे. प्रवक्त्यांना नेमके हेच जमत नाही, कारण ‘एवढेच सिद्ध होते’ असे म्हणणाऱ्याला पुढच्या रात्री कोणी बोलावत नाही.

११/ मग स्वराज्याचे नववर्ष कोणते? मराठ्यांच्या दफ्तरात सर्रास आढळतो तो सुहूर सन. अंक अरबी शब्दांत : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा. वर्षारंभ मृग नक्षत्राला, कारण पेरणी आणि महसूल पावसाशी बांधलेले. ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक झाला. महाराजांनी स्वतःचा शक सुरू केला. तरीही सुहूर सन गेला नाही. पेशव्यांच्या पत्रांतही अरबी महिने आणि ‘छ’ने दर्शवलेला चंद्र दिसतोच. शत्रूशी लढणाऱ्यांना गणनेशी लढण्याची गरज वाटली नाही.

१२/ पार्ले ज्या साष्टी बेटावर आहे, तेथील कथा आणखी रंजक. पोर्तुगिजांनी पोप ग्रेगरीची १५८२ची सुधारणा लगेच स्वीकारली. इंग्रज १७५२पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेलाच धरून होते. १६६५मध्ये मुंबई इंग्रजांकडे आली. त्यानंतर माहीमच्या खाडीच्या दोन तीरांवर एकाच दिवशी दोन तारखा होत्या. आपण राज्याभिषेकाची ६ जून म्हणतो, ती ज्युलियन तारीख. त्याच दिवशी वसईच्या पोर्तुगीज कागदावर १६ जून असे.

१३/ १७३७मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ती घेतली. चार दशकांच्या आत या मातीवर तीन दफ्तरे आणि तीन कालगणना नांदल्या. आणि ज्या १ जानेवारीला ‘इंग्रजांचे नववर्ष’ म्हणून हिणवले जाते, ते इंग्लंडमध्येच कायद्याने १७५२पासूनचे. त्याआधी तेथील वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणजे आपल्या पाडव्याच्याच ऋतूत!

१४/ शुद्धतेचा आग्रह शब्दांपर्यंत नेला तर काय उरते? ‘तारीख’ आणि ‘सन’ अरबी, ‘साल’ फारसी. दिवाळीनंतर पार्ल्याच्या पश्चिमेला ऐकू येणारे ‘साल मुबारक’ हे फारसी आणि अरबी शब्दांचे जोडपे. ते गुजराती हिंदू व्यापारीही म्हणतो आणि पारशीही. त्याला ‘शुभेच्छा शुद्ध भाषेत दे’ असे सांगणाऱ्याने आधी आपल्या जन्मदाखल्यावरची ‘जन्मतारीख’ खोडावी.

१५/ हे खूळ केवळ येथलेच नाही. अमेरिकेत ‘मेरी ख्रिसमस’ म्हणावे की ‘हॅपी हॉलिडेज’, यावर वाहिन्यांनी वर्षानुवर्षे रात्री रंगवल्या. त्याच भूमीत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने १६५९मध्ये नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड लावला होता. तो कायदा १६८१पर्यंत टिकला. कट्टर ख्रिस्तीच नाताळाला अशुद्ध ठरवत होते. ‘खरी परंपरा’ ही वस्तू जवळून पाहिली की अशीच निघते.

१६/ शुभेच्छांचे राजकारण कोठे पोहोचते, हे पार्ल्याने पाहिले आहे. डिसेंबर १९८७मधील विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितली गेली, म्हणून उच्च न्यायालयाने डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा पुढे अनेक उपनगरांत पोहोचली. ढोल, लेझीम, नऊवारी : सारे सुंदर. यात्रेत कोणीही सामील व्हावे. फक्त तिच्या फलकावरचा मजकूर मतपत्रिकेचा मसुदा होऊ नये.

१७/ गंमत अशी की, भारताचे एक अधिकृत नववर्षही आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरची सुमारे तीस पंचांगे अभ्यासली आणि २२ मार्च १९५७ रोजी, चैत्र १, शके १८७९पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. निखळ सौर, वैज्ञानिक आणि स्वदेशी. त्या दिवशी एकही ‘स्वाभिमानी’ संदेश येत नाही. भांडण कालगणनेचे असते, तर असे झाले नसते.

१८/ भांडण आहे ते शेजाऱ्याला परीक्षेस बसवण्याचे. सोसायटीच्या गटात १ जानेवारीला शुभेच्छा देणाऱ्याला ‘गुलाम’ म्हणणारा आणि पाडव्याला गुढी उभारणाऱ्याला ‘गद्दार’ म्हणणारा, हे दोघे परस्परांचे शत्रू नाहीत, सहकारी आहेत. दोघेही एका अभिवादनाचे हजेरीपत्रक करतात. त्या पत्रकावर सही करायला रोज एकाच जिन्यावर भेटणाऱ्या माणसांना भाग पाडले जाते.

१९/ म्हणून पुढचा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे विधान कोणत्या कागदावर आहे? तो कागद किती साली लिहिला गेला? त्यातून नेमके किती सिद्ध होते? उत्तर न मिळाल्यास संदेश तेथेच थांबवावा. मिळाल्यास ते शांतपणे मांडावे. आणि समोरच्याने ‘साल मुबारक’ म्हटले, तर आधी ‘तुम्हालाही’ म्हणावे. त्याची व्युत्पत्ती नंतर चहाबरोबर सांगता येते.