पिकअप गाडी : मापाची घ्यावी, मापाने भरावी

बैलजोडी घेण्यास बाजारात गेलेला शेतकरी जनावराचे दात पाहतो, खूर तपासतो, खांदा चाचपतो आणि औताला जुंपून पाहिल्यावाचून इसार देत नाही. ही चोखंदळ वृत्ती पिकअप गाडी घेताना मात्र पुष्कळदा दिसत नाही. शेजाऱ्याने घेतली, कर्ज सहज मिळाले, दाराशी शोभा आली, एवढ्याच कारणांवर लाखो रुपयांचा व्यवहार उरकला जातो. पुढे हप्ता भागविण्यासाठी गाडीत क्षमतेहून अधिक माल भरावा लागतो आणि तेथूनच गाडीचा व मालकाचा ऱ्हास सुरू होतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, गाडी आपल्या मालाच्या मापाची घ्यावी आणि तिच्या मापानेच भरावी.

प्रथम, गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न नोंदवहीला विचारावा. समजा, एका शेतकऱ्याकडे चार एकर कांदा असून एकरी ८० क्विंटल उत्पन्न येते. एकूण माल ३२ टन झाला. दीड टन क्षमतेच्या गाडीला त्यासाठी २२ फेऱ्या लागतील. खते, बियाणे व चारा यांच्या आणखी १८ फेऱ्या धरल्या, तरी वर्षाच्या ४० फेऱ्या होतात. रोज एक फेरी मानली तर ३२५ दिवस गाडी दारात उभी राहणार. हप्ता व विमा मात्र थांबणार नाहीत. वर्षाचा हप्ता, विमा, इंधन, चालकाचा पगार व दुरुस्ती यांची बेरीज करून ती ४० ने भागावी आणि आलेला आकडा भाड्याच्या गाडीच्या एका फेरीशी ताडून पाहावा.

स्वतःची गाडी असली म्हणजे भाव असेल त्या बाजारात व हव्या त्या वेळी माल नेता येतो, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे खोटे नाही. टोमॅटो, पालेभाजी, फुले असा नाशवंत माल दिवसाआड काढणाऱ्यास हा लाभ मोठा आहे. परंतु तोही रुपयांत मांडून वहीत लिहावा. एकट्यास गाडी परवडत नसेल, तर शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने ती घेण्यात कमीपणा नाही.

गाडी घेण्याचे ठरल्यावर रंगरूपापेक्षा वजनाकडे पाहावे. आपल्याकडील पिकअप गाड्या साधारणपणे एक ते दोन टन माल वाहतात. दीड टन म्हणजे ५० किलोंच्या ३० गोण्या, हे ध्यानी ठेवावे. कडब्यास वजनापेक्षा जागा अधिक लागते, तर कांद्याचे वजन जागा संपण्यापूर्वीच पुरे होते. तेव्हा हौद्याची लांबी आपल्या पिकावरून ठरवावी. मालासह एकूण वजन ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये परमिट लागत नाही, हाही एक विचार आहे. दुरुस्तीची सोय तालुक्याच्या गावी आहे किंवा नाही, याची चौकशी पैसे भरण्यापूर्वीच करावी.

साहित्यात चांगली ताडपत्री, मजबूत दोर, स्टेपनी, जॅक, पाने, प्रथमोपचार पेटी व मागील बाजूस चमकणाऱ्या पट्ट्या एवढे अवश्य असावे. अधिक माल पेलावा म्हणून कमानीचे पाटे वाढविण्याची प्रथा मात्र घातक आहे. पाटे वाढविल्याने गाडी खाली बसत नाही, एवढेच. ब्रेक, ॲक्सल व टायर यांची शक्ती तीळभरही वाढत नाही. उतारावर हा हिशेब जिवावर बेततो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २०,००० रुपये आणि अधिक प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. एका दंडात अनेक फेऱ्यांची कमाई जाते.

याहून गंभीर गोष्ट माणसांची. खुरपणीस वा तोडणीस जाणारे मजूर, लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शनाची मंडळी यांना हौद्यात बसवून नेणे कोणीही करू नये. मालवाहू गाडीत फुकट बसविलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आहे. अपघात झाल्यास मजुराचे घर उघडे पडते आणि मालकाची जमीनही धोक्यात येते. चालकाविषयीही दक्षता हवी. ७५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीस हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तथापि २० वर्षांखालील मुलाच्या हाती मालवाहू गाडी देण्यास कायद्याची मनाई आहे.

निगा ही रोजची गोष्ट आहे. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी सपाट जागेवर तेल व पाणी पाहावे. टायरमधील हवा टायर थंड असताना मोजावी. इंजिन तापलेले असता रेडिएटरचे झाकण उघडू नये. धुळीच्या रस्त्यावर हवेचा फिल्टर लवकर चोंदतो. तो सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहता तपासावा. खत वाहिल्यावर हौदा धुऊन कोरडा करावा, नाहीतर पत्रा गंजतो. कीटकनाशके मात्र भाजीपाल्याबरोबर एकाच फेरीत कधीही नेऊ नयेत. २०२० नंतरच्या काही गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियायुक्त द्रावाची वेगळी टाकी असते. तीत खताचा युरिया पाण्यात कालवून ओतू नये. खताच्या युरियावर कडुनिंबाचा लेप असतो व त्यातील इतर अंशांनी ही महागडी यंत्रणा निकामी होते. योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस आमची विनंती आहे की, गाडीसाठी कर्जाचा अर्ज घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याजवळ बसून त्यांनी प्रथम फेऱ्यांचा हिशेब मांडावा. ज्याला गाडी परवडते त्याला हुरूप द्यावा. ज्याला परवडत नाही त्याला ते स्पष्टपणे सांगावे. नको असलेले कर्ज वेळीच टाळून देणे हीदेखील शेतकऱ्याची मोठी सेवाच होय.